कुणी ‘या’ म्हणेपर्यंत

अमेरिकेत माझं पहिलं स्वागत एका कुत्र्यानं केलं. विमानतळावर सामान फिरत येतं त्या पट्ट्यापाशी तो आला, माझ्या बॅगेला नाक लावलं आणि शहाण्यासारखा खाली बसला. त्याच्याबरोबरची गणवेशातली बाई म्हणाली, बॅग उघडा. मी मूळचा घाबरट. पोलीस माझ्याकडे न बघता पुढे गेला तरी माझ्या हातांना घाम येतो. बॅगेत लाल उकडे तांदूळ होते आणि ते कशासाठी आणले हे इंग्रजीत सांगायचं होतं.

“पेज,” मी म्हणालो. “ओल्ड मॅन. स्टमक. पेज.”

“व्हिच पेज, सर?”

मला वाटलं, कुठली पेज ते विचारतेय. मी म्हणालो, “रेड.”

तिनं माझ्या पासपोर्टाची सगळी पानं उलटून लाल पान शोधलं. मग तांदूळ पाहिले, मग माझ्या मागे खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि तिला काय ते कळलं. हसली बिचारी. पण तांदूळ पिंपात टाकले. धान्यातून किडे येतात म्हणे. “सॉरी” मात्र मनापासून म्हणाली.

“माझं जेवण टाकलं का?” मागून त्या म्हाताऱ्यानं, म्हणजे आमच्या तांडेलांनी, विचारलं.

“टाकलं.”

“बरं झालं. आता त्यांनाच वाढावं लागेल.”

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या वाचनालयाच्या अंकात अमेरिकेबद्दल लिही, असं मास्तरांनी कळवलं म्हणून हे लिहितोय. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा भाषा मास्तर सुधारतील. पण कोण कुठे चाललं होतं ते आधी सांगायला हवं.

मी बोटीवर भांडी घासत घासत भंडारी झालो. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. पुढे मालकानं आमचं जहाज एका लहानशा बेटाच्या बंदराबाहेर तसंच सोडून दिलं. पगार नाही, डिझेल नाही, फोन उचलत नाही. खायचं संपलं तेव्हा आम्ही लाइफबोट घेऊन बेटाच्या उत्तरेकडच्या खाडीत शिरलो. तिथं एक लाकडी जेटी होती आणि जेटीवर एक म्हातारा उभा होता. आम्ही उतरणार तोच त्यानं हात वर केला. आम्ही गपकन खाली बसलो. त्यानं आम्हाला नीट न्याहाळलं, हात खाली केला आणि एक शब्द म्हणाला. तो शब्द ‘या’ होता, हे मला नंतर कळलं. त्या बेटावर परक्यानं होडीतून आपणहून उतरायचं नसतं. जेटीवरच्या माणसानं बोलावलं की मगच पाय टाकायचा. घरचा माणूस मात्र होडी टेकायच्या आधीच उडी मारतो. कोण घरचा आणि कोण पाहुणा, ते लांबूनच दिसतं.

त्या गावानं आम्हाला पोसलं. तिथं असतानाच माझी आई गेल्याचं कळलं. मला जाता येईना. म्हाताऱ्यानं खाडीजवळच्या त्यांच्या कबरस्तानात एका माडाखाली मला जागा दाखवली आणि म्हणाला, तुझ्या आईला जे द्यायचं ते इथं दे. मी भात ठेवला, मासा ठेवला. कावळे तिथं नाहीत. एक समुद्रपक्षी आला, त्यानं उचललं. बाकीचे खलाशी पुढे आपापल्या घरी गेले. मी राहिलो. सरकारी पाहुणेघरात मला स्वयंपाक्याची नोकरी मिळाली, पण राहतो गावातच. त्या म्हाताऱ्याला मी तांडेल म्हणतो, कारण आपल्याकडे होडीच्या मुख्य माणसाला तेच म्हणतात आणि ते त्या गावाचे मुख्य.

ती खाडी खोल आहे. एवढाच तिचा दोष. मोठी लढाऊ जहाजं तिथं उभी राहू शकतात. अमेरिकेला ती तळासाठी हवी होती. बदल्यात बेटाला इस्पितळ, धावपट्टी, शाळा, आणि गावाला डोंगरापलीकडे नवी घरं. तांडेल घरांवरून भांडले नाहीत. त्यांना करारात एकच ओळ हवी होती. वर्षातून एकदा, मेलेल्यांच्या दिवशी, गावानं आपल्या खाडीत यावं आणि कबरींवर शिजवलेला मासा ठेवावा. आपल्याकडे म्हाळ घालतात तसंच ते. त्या देशाच्या कायद्यानं गावच्या मुख्य माणसाच्या सहीशिवाय गावची जमीन देता येत नाही, म्हणून परराष्ट्रमंत्री बाई तांडेलांना घेऊन निघाल्या. तांडेलांचं अर्धं पोट शस्त्रक्रियेत गेलंय, त्यांना माझी पेजच पचते. म्हणून मीही निघालो. बेटाचं नाव लिहू नकोस, असं बाईंनी मला बजावलंय. लहान देशाला नाव जपावं लागतं.

वॉशिंग्टन

आमच्या दिमतीला नौदलाची एक तरुण अधिकारी दिली होती. पांढराशुभ्र गणवेश, केस घट्ट बांधलेले. छातीवरच्या पट्टीवर इंग्रजीत आडनाव. मी अक्षरं लावत वाचलं.

“परब?” माझ्या तोंडून निघून गेलं. “खयचे तुम्ही?”

ती जागच्या जागी थांबली. “ओ माय गॉड, काका! माझे बाबा आजीशी फोनवर एक्झॅक्टली असंच बोलतात. खयचे, कित्या...”

“मग खयचे?”

“मिशिगन,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. “आय मीन, बाबा कुडाळचे. मी मिशिगनमधल्या नोव्हायची. बाबा तिथे गाड्यांच्या कंपनीत आहेत. मी ईशा.”

“आणि तू एकदम आरमारात?”

“आईनं एक महिना माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. आता युनिफॉर्ममधला फोटो सगळ्या मावश्यांना फॉरवर्ड करते.”

तिला मराठी समजतं, बोलताना मात्र अडखळते. पण परक्या देशात ‘काका’ ऐकून मला धीर आला. तांदळाचं रडगाणं तिलाच सांगितलं.

“बासमती चालेल, काका?”

“बासमतीची पेज? तांडेल मला समुद्रात टाकतील.”

संध्याकाळी ती स्वतः ड्राइव्ह करून कुठल्याशा देशी दुकानात गेली आणि उकड्या तांदळाची पिशवी घेऊन आली. सोबत लिंबाचं लोणचं, मला न विचारता. हॉटेलच्या खोलीत छोटी शेगडी होती. पेजेला उकळी आली तसा खोलीभर आमच्या पडवीचा वास झाला.

“मी जाते, काका,” ती दारात म्हणाली.

“जाते म्हणू नये गो. येते म्हणावं.”

“पण आय ॲम लीव्हिंग.”

“म्हणूनच.”

दुसऱ्या दिवशी बैठकीला जाताना रस्त्याकडेला एक हिरवी टेकडी दिसली. टेकडीभर पांढरे दगड, सगळे एका मापाचे, सगळे रांगेत. कुठूनही बघा, रांग सरळच. तांडेलांनी काच खाली करायला लावली.

“कोण हे?”

बाईंनी ईशाला विचारलं. युद्धात गेलेले सैनिक, ती म्हणाली.

“यांची माणसं इथं येतात?”

“रोज येतात. कुणीही येऊ शकतं.”

“कुणाला विचारून?”

बाईंनी ते इंग्रजीत केलं तेव्हा ईशा गोंधळली. “विचारायचं कशाला? दे आर फॅमिली.”

तांडेल मागे टेकले. विमानात बसल्यापासून त्यांच्या कपाळावर आठी होती, ती गेली. “भंडारी,” ते मला म्हणाले, “मेलेल्यांना इतकं जपणारी माणसं आपलं म्हणणं समजतील.”

मलाही तसंच वाटलं. देवाशप्पथ सांगतो, त्या सकाळी मलाही तसंच वाटलं.

बैठकीच्या खोलीत मला भिंतीलगत खुर्ची दिली होती, मांडीवर पेजेचा थर्मास. अमेरिकेच्या बाजूला एक पिकल्या केसांचे साहेब मुख्य होते. तांडेल आत आले तसे ते उठून उभे राहिले आणि तांडेल बसेपर्यंत बसले नाहीत. जेवणाची वेळ झाली तेव्हा स्वतःच कागद बाजूला सारून म्हणाले, आधी यांचं जेवण. पेज काय असते ते विचारलं. एक चमचा चाखली. आमच्या दक्षिणेत मक्याची अशीच करतात, म्हणाले, माझी आजी करायची. तांडेलांनी ते ऐकून मान डोलावली. मला वाटलं, झालं काम. जे पेज खातात त्यांच्याशी भांडण कसलं?

ओळीचा विषय निघाला तेव्हा साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माडाखालच्या कबरी किती जुन्या आहेत ते विचारलं. शेवटी म्हणाले, “मी ही ओळ घालून घेईन. शब्द काय असतील ते आमच्या लोकांशी बोलून ठरवू. मला थोडे दिवस द्या.”

तोवर आम्हाला नॉरफोक बंदरात त्यांचं आरमार दाखवायचं ठरलं.

नॉरफोकच्या वाटेवर

तिकडचे रस्ते रुंद आणि मुके. कुणी हॉर्न वाजवत नाही. मला आधी वाटलं, सगळे एकमेकांवर रुसलेत. दोन्ही बाजूंनी झाडं लाल-पिवळी होऊन उभी होती. तांडेलांनी विचारलं, कसला रोग पडलाय? ईशानं समजावलं की थंडीच्या आधी पानं अशीच होतात. “आणि परत येतात?” “येतात.” “मग ठीक.”

नॉरफोकच्या अलीकडे समुद्राचा मोठा फाटा लागतो. रस्ता पाण्यावरून पुलावर चालला होता आणि बघता बघता एकदम पाण्याखाली बोगद्यात शिरला. मी सीटचा दांडा धरला. पिवळ्या दिव्यांची नळी, वर अख्खा समुद्र. पूर्ण पूल का नाही बांधला, मी विचारलं.

“शिप्ससाठी, काका,” ईशा म्हणाली. “पूल असला तर शिप्स अडकतील. म्हणून रस्ता खालून नेलाय.”

बाईंनी ते सांगितल्यावर तांडेल बराच वेळ छताकडे बघत राहिले. “इथं जहाजांसाठी रस्ता वाकतो,” ते म्हणाले. कौतुकानं म्हणाले की कसं, ते मला तेव्हा कळलं नाही.

नॉरफोक

नौदलाच्या फाटकावर आमच्या गळ्यात एकेक बिल्ला घातला. त्यावर मोठी इंग्रजी अक्षरं होती. तांडेलांना तो आवडला. सरळ करून छातीवर बसवला त्यांनी.

मग एका लॉन्चमधून आम्हाला बंदरात फिरवलं. जहाजं म्हणजे काय सांगू! करड्या रंगाचे डोंगर. विमानं पोटात घेऊन उभी असलेली. आम्ही खालून जात होतो तर आकाश दिसेना. तांडेल आयुष्यभर समुद्रावर राहिलेले, पण त्यांनी लॉन्चच्या कडेला बसून हात पाण्यात बुडवला आणि बोटं चाखली. खारटच आहे, म्हणाले.

परत जेटीला लागलो आणि घोटाळा झाला. सगळे उतरले, तांडेल उतरेनात. मांडीवर हात ठेवून ताठ बसले. एका खलाशानं हात पुढे केला, त्यांनी घेतला नाही. दुसऱ्याला वाटलं, पाय धरले असतील. कुणीतरी चाकांची खुर्ची आणली, कुणीतरी नाडी बघायला दवाखान्याचा माणूस बोलावला. बाई पुढे गाडीपाशी पोचलेल्या. मी सांगायला गेलो तर घाबरून सगळं इंग्रजी घशात. “कॉल,” मी म्हणालो, “कॉल हिम!” एकानं फोन काढून विचारलं, कुणाला?

मग ईशाला मराठीत सांगितलं. “त्यांना बोलवायला हवं. जेटीवरच्या कुणीतरी, इथल्या माणसानं. नाहीतर ते बसून राहतील.”

“काय म्हणू, काका?”

“तुझी आई दारात आलेल्यांना काय म्हणते?”

ती जेटीच्या टोकाला गेली, टोपी नीट केली, आणि अगदी आपल्या घरातल्या बायका म्हणतात तसं म्हणाली, “या, या, आजोबा. बसा.”

रोज जेवायला बोलवताना मी तांडेलांना ‘या, बसा’ म्हणतो. मराठीतले तेवढे दोन शब्द त्यांना येतात. ते खदखदून हसले आणि उतरले. “तू बस म्हणालीस, मी उभा राहतो,” असं त्यांच्या भाषेत म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, टोपीसकट. खलाशांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दुपारी ईशानं आम्हाला खेकडे, आपल्या कुर्ल्या, खायला नेलं. टेबलावर खाकी कागद अंथरतात, त्यावर वाफवलेल्या कुर्ल्यांचा ढीग ओततात, लाल मसाला भुरभुरतात आणि प्रत्येकाला एक लाकडी हातोडी देतात. आपल्याकडे दातानं फोडतात ते इथं सुताराचं काम. रस्सा नाही, नारळ नाही. पण गर गोड होता. तांडेलांना खाता येत नाही, तरी ते सगळ्यांच्या कुर्ल्या ठोकून देत होते. बाईंच्या चष्म्यावर मसाला उडाला. त्या आठवड्यात बाई तेवढ्या एकदाच हसल्या.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका दालनात साहेब करार घेऊन आले. चेहरा खुललेला. “ओळ आहे,” ते आल्या आल्या म्हणाले. “वरपर्यंत भांडलो, पण आणली.” बाईंनी वाचली. मग तांडेलांना त्यांच्या भाषेत सांगितली. मलाही ती भाषा येते. आधी कळवून, आणि सुरक्षेची परिस्थिती पाहून, गावच्या माणसांना वर्षातून एकदा कबरस्तानात येता येईल. पाहुणे म्हणून.

“काय म्हणून?” तांडेलांनी विचारलं.

“इंग्रजीत व्हिजिटर्स म्हटलंय,” बाई म्हणाल्या. “पाहुणे.”

तांडेलांनी गळ्यातला बिल्ला उचलला. “हाच शब्द?”

“हाच,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे होडीत बसून राहायचं. कुणी बोलावेपर्यंत.”

“हो.”

“आणि त्या दिवशी कुणी बोलावलं नाही तर?”

बाईंनी शब्द बदलता येईल का ते साहेबांना विचारलं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच वाईट वाटलं, हे मी पाहिलं. ते म्हणाले, दुसरा कुठलाही शब्द घातला तर तो हक्क होतो. तळावर बाहेरच्याचा हक्क ठेवता येत नाही. या एका शब्दावर सगळ्यांची संमती मिळालीय, तो काढला तर ओळच जाईल.

ईशा माझ्याजवळ उभी होती. हळूच म्हणाली, “काका, माझे आईबाबा मला भेटायला बेसवर आले तरी त्यांना हाच बॅज मिळतो. इट्स जस्ट अ वर्ड.” मी मान हलवली. ती खोटं बोलत नव्हती. पण तिचे आईबाबा संध्याकाळी नोव्हायला आपल्या घरी जातात.

तांडेल बाईंना म्हणाले, “मी सही केली नाही तर?”

बाईंनी हातातला करार खाली ठेवला. मग त्यांनी तांडेलांना ‘काका’ या अर्थाच्या त्यांच्या शब्दानं हाक मारली, जी कामाच्या जागी त्या कधी मारत नाहीत. म्हणाल्या, “दोन मोठी जहाजं आपल्याभोवती घिरट्या घालताहेत. लहान होडीनं कुणाच्या तरी आडोशाला उभं राहायला हवं. हे निदान विचारतात. दुसरे विचारणार नाहीत. आणि तुमचं पोट कापायला आपल्याला परदेशात जावं लागलं, काका. पुढच्या माणसासाठी इस्पितळ इथंच असेल.”

तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं. का, ते मला माहीत आहे. माडाखाली माझी आईही आहे. मी थर्मासचं झाकण उघडलं आणि बंद केलं.

त्यांनी सही केली. साहेबांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. कुणीतरी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. रागवायला जागा मिळाली असती. पण सगळे चांगले होते. तांदळापासून कुर्ल्यांपर्यंत सगळ्यांनी आमचं केलं, आणि मी त्यांचे आभार मानतो, आत्ता लिहितानाही मानतो. माझं काळीज मात्र तिथं दगड झालं.

त्या दिवशी तांडेलांनी पेज घेतली नाही.

विमानतळावर ईशा सोडायला आली. गणवेश नव्हता, साधा स्वेटर होता. माझ्या पाया पडायला वाकली, तेही अर्धवट, कुठवर वाकायचं ते न कळून. मग म्हणाली, “येते, काका.”

“अगो, जातोय तर आम्ही.”

“मग तुम्ही म्हणा.”

“येतो,” मी म्हणालो. तांडेलांनी विचारलं, काय बोललात? मी सांगितलं, आमच्यात निघताना असं म्हणतात. त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला, पण म्हणाले नाहीत.

उत्तरेची खाडी

राजधानीच्या बंदरातून आम्ही नेहमीच्या होडीनं खाडीकडे निघालो. बाई आपल्या कार्यालयात गेल्या होत्या. होडीत मी, तांडेल आणि होडीवाला. दुपार टळली होती. वळण घेतलं तशी जेटी दिसली, मागे घरं, घरांमागे माड. बातमी आधीच पोचली होती. सगळं गाव जेटीवर उभं होतं. तांडेलांची मुलगी सगळ्यात पुढे.

होडी टेकायच्या आधी मी सवयीनं उडी मारली. इतक्या वर्षांत ती सवय अंगातच मुरलीय. वळून पाहिलं तर तांडेल बसलेले. मांडीवर हात, पाठ ताठ. नॉरफोकला बसले होते तसेच.

जेटीवर कुणाला कळेना. दमले असतील, मुलगी म्हणाली. एका पोरानं हसून हाक मारली, उडी मारा की! तांडेल हलले नाहीत.

“सराव करतोय,” ते मला म्हणाले. हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मग मात्र कळलं सगळ्यांना. मुलीनं तोंडावर हात ठेवला. त्या जेटीवर त्यांना बोलावणार कोण? त्यांच्या गावातलं कुणीही तो शब्द तोंडातून काढेना. काढला असता तर ते खरं झालं असतं. भरतीचं पाणी होडीला जेटीवर आपटत होतं. होडीवाला दोर धरून खाली बघत होता. मी वाट पाहिली.

त्यांच्या भाषेतला शब्द माझ्यानं म्हणवला नाही. मी टोकाला गेलो, वाकलो, हात पुढे केला आणि मराठीत म्हणालो, “या, तांडेल. या.”

त्यांनी माझा हात धरला आणि उतरले. जपून, एकेक पाय टाकत, परक्या जेटीवर उतरतात तसे.